गायरानावरचा खेळ : समुद्रकाठच्या गोल्फची माहूरहून मांडलेली कहाणी

आजचा थ्रेड नेहमीपेक्षा लांब आहे आणि विषय तुम्हाला विचित्र वाटेल. समुद्रकाठी, रिसॉर्टच्या हिरवळीवर खेळला जाणारा गोल्फ. किल्ले, ताम्रपट आणि मोडी सोडून हे काय मध्येच, असे प्रतिसाद येण्याआधीच सांगतो : शेवटी आपण किल्ल्यावरच पोहोचणार आहोत. वाटेत एक गायरान, काही हजार ससे आणि पाण्याने भरलेली एक रेल्वेगाडी लागेल.

मी माहूरचा. रेणुकेचा डोंगर, दत्तशिखर, पायथ्याशी पैनगंगा, एवढ्या भूगोलात वाढलेला. माहूरहून समुद्र कोणत्याही दिशेने गेले तरी दूरच. १६२३ मध्ये बापाविरुद्ध बंड करून दक्षिणेत पळालेला शहजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शाहजहान, आपले हत्ती आणि जड सामान माहूरच्या किल्ल्यात उदाजीरामाच्या हवाली करून गोवळकोंड्याच्या मुलखातून मच्छलीपट्टणला गेला. (उंबरखिंडीत शिवरायांसमोर उभी ठाकलेली रायबागन ती याच घराण्यातली.) इतिहासात माहूरचा आणि समुद्राचा संबंध मला सापडला तो एवढाच. त्यामुळे गेल्या वर्षी पणजीला अभिलेखागारात काही कागद पाहायला गेलो, तेव्हा समुद्र हा माझ्यासाठी अभ्यासाइतकाच नवलाचा विषय होता.

माझा एक मामेभाऊ दक्षिण गोव्यातील एका रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात कामाला आहे. रिसॉर्टला स्वतःचे छोटे गोल्फ मैदान आहे. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये माड आणि त्यांच्या मधून कापलेला, गालिचासारखा हिरवा पट्टा. पाहुणे उठण्याआधी, उजाडता उजाडता, भावाने तिथल्या एका वयस्कर कॅडीची गाठ घालून दिली आणि मला तीन होल खेळायला मिळाले.

‘खेळायला मिळाले’ हे शब्द फार झाले. पहिल्या फटक्यात चेंडू जागचा हललाच नाही, माती तेवढी उडाली. दुसऱ्या वेळी काठी हवेतून फिरली. विटीदांडूत गावात नाव कमावलेल्या माणसाची ही अवस्था. कॅडीकाका मालवणी ढंगात म्हणाले, “बॉलाकडे बघ रे झिला, दर्याकडे नको.” पण दर्याकडे न पाहणे अशक्य होते. समोर पुळण, पलीकडे ओहोटीचे पाणी, दूरवर परतणाऱ्या होड्या. चौथ्या फटक्याला चेंडू उडाला, माडाच्या बुंध्यावर आपटला आणि वाळूच्या खड्ड्यात जाऊन बसला. त्या वाळूच्या खड्ड्याला बंकर म्हणतात. मी विचारले, “शेजारी एवढी वाळू पसरली असताना इथे मुद्दाम खड्डा खणून वाळू का भरली?” काका हसले. “तसा असता म्हणान.” तसेच असते म्हणून.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला ‘तसेच असते’ हे उत्तर दिले की तो वसतिगृहावर जाऊन रात्रभर वाचत बसतो. त्या वाचनातून निघाला तो हा थ्रेड.

वाळूच्या खड्ड्यापासूनच सुरुवात करू. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर भरतीची रेषा आणि शेतजमीन यांच्या मध्ये वालुकामय, उंचसखल जमिनीचा एक पट्टा असतो. त्याला तिथे ‘लिंक्स’ म्हणतात. शब्द जुन्या इंग्रजीतला, अर्थ उंचवटा किंवा बांधासारखी जमीन. खारा वारा आणि रेताड माती यांमुळे तिथे पीक येत नाही, पण बारीक, चिवट गवत उगवते. पाणी झटकन जिरते, त्यामुळे हिवाळ्यातही चिखल होत नाही. या जमिनीवर मेंढ्या चरत, ससे बिळे करत. वाऱ्यापासून आडोसा शोधत मेंढ्या एकाच जागी बसत, तिथले गवत झिजून वाळू उघडी पडे. बंकर मुळात असे झाले, असे मानले जाते. म्हणजे मी ज्या खड्ड्यात अडकलो तो एका स्कॉटिश मेंढीच्या बैठकीची नक्कल होता.

अशा, नांगराखाली न येणाऱ्या, सगळ्या गावाने गुरे चारायला वापरायच्या जमिनीला आपण मराठवाड्यात काय म्हणतो? गायरान. लिंक्स म्हणजे स्कॉटलंडचे गायरान. एकदा हा शब्द मनात बसला की गोल्फचा सगळा इतिहास वेगळा दिसू लागतो.

गोल्फचा सर्वांत जुना लेखी उल्लेख बंदीच्या हुकमात आहे. १४५७ मध्ये दुसऱ्या जेम्स राजाच्या काळात स्कॉटिश संसदेने फुटबॉल आणि गोल्फ या दोन्ही खेळांना मनाई केली. कारण सरळ होते : इंग्लंडशी वैर, आणि तरुण पोरे धनुर्विद्येचा सराव सोडून चेंडूमागे धावत होती. मनाईची पुनरुक्ती १४७१ आणि १४९१ मध्ये करावी लागली. कायदा पुन्हा पुन्हा काढावा लागतो तेव्हा तो पाळला जात नाही, हे समकालीन कागद वाचणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे. १५०२ मध्ये इंग्लंडशी तह झाला आणि त्याच वर्षी चौथ्या जेम्सने पर्थच्या एका कारागिराकडून गोल्फच्या काठ्या विकत घेतल्याची नोंद राजाच्या खजिन्याच्या हिशेबात सापडते. तो कारागीर धनुष्ये बनवणारा होता.

यात एक गोष्ट नजरेतून सुटू नये. पंधराव्या शतकात ज्या खेळावर बंदी घालावी लागली, तो सामान्य लोकांचा खेळ होता. चार उमरावांच्या करमणुकीमुळे देशाच्या तिरंदाजीला धोका पोहोचत नसतो.

आता सेंट अँड्र्यूज. गोल्फचे पंढरपूर म्हणा. २५ जानेवारी १५५२ रोजी तिथला आर्चबिशप जॉन हॅमिल्टन याने एक सनद दिली. त्याला लिंक्सवर ससे पाळायचे होते. ससे पाळण्याची मुभा त्याने मिळवली, पण त्याच सनदेत नगरवासीयांचे जुने हक्क मान्य करावे लागले : गुरे चारणे, गवताचे ढेप काढणे, फुटबॉल खेळणे आणि गोल्फ खेळणे. गोल्फ इथे चराईच्या पंक्तीला बसला आहे. आपल्याकडच्या वतनपत्रांत गवत, काष्ठ, पाषाण यांचे हक्क एका दमात येतात, तसेच हे.

पुढची हकीकत तर एखाद्या तालुक्याच्या कचेरीत घडावी अशी. १७९७ मध्ये सेंट अँड्र्यूजची नगरपालिका कर्जात बुडाली आणि तिने लिंक्सची जमीन हातची घालवली. ती सशांचा व्यापार करणाऱ्या डेम्पस्टर बापलेकांकडे गेली. मांस आणि कातडे दोन्हीला भाव होता. थोड्याच वर्षांत मैदानभर बिळे झाली, चेंडू बिळात गडप होऊ लागले. गोल्फ खेळणारे आणि ससेवाले यांच्यात अक्षरशः मारामाऱ्या झाल्या, खटले झाले. जुन्या सनदेच्या आधारे नगरवासीयांनी ससे मारण्याचा हक्क न्यायालयात मांडला. या प्रकरणाला तिकडे ‘सशांची युद्धे’ असेच नाव आहे. १८२१ मध्ये शेजारच्या स्ट्रॅथटायरमचा जमीनदार जेम्स चीप याने जमीन विकत घेतली आणि ससे हटले. तो स्वतः गोल्फ खेळत असे, हे नशीब. पण खेळाडू जमीनदार मिळणे हा काही कायदा नव्हे. म्हणून १८९४ मध्ये ब्रिटिश संसदेच्या खास कायद्याने लिंक्सची मालकी पुन्हा नगराकडे आणण्यात आली.

त्याचा परिणाम आजही दिसतो. जगातले सर्वांत प्रसिद्ध गोल्फ मैदान, ओल्ड कोर्स, ही सार्वजनिक जागा आहे. रविवारी तिथे सहसा खेळ बंद असतो आणि गावातले लोक कुत्री, मुले घेऊन त्या हिरवळीवर फिरतात. एकोणिसाव्या शतकातल्या तिथल्या स्थानिक नियमांत तर अशी तरतूद होती, की चेंडू वाळत घातलेल्या कपड्यांवर पडला तर कपडे खालून ओढून घ्यावेत, आणि धुण्याचा टब आड आला तर तो बाजूला सरकवावा. म्हणजे गोल्फ चालू असताना त्याच मैदानात गावातल्या बायका धुणे वाळत घालत होत्या आणि नियम खेळाडूंनी त्यांच्याभोवती वळसा घालून जाण्यासाठी लिहिले गेले होते. हा तपशील वाचला तेव्हा मी वाचनालयात एकटाच हसलो.

मग हा गावकऱ्यांचा खेळ कुंपणाआड कसा गेला?

याचे एक उत्तर आपल्याच भूमीवर आहे. साम्राज्याबरोबर गोल्फ बाहेर पडला तो सैन्याधिकारी आणि व्यापाऱ्यांच्या सामानातून. ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना गोल्फ क्लब अमेरिकेतला नव्हे, कलकत्त्याचा, साल १८२९. त्यामागोमाग १८४२ मध्ये मुंबईचा. मुंबईच्या गोल्फप्रेमींनी सेंट अँड्र्यूजला एक रौप्यपदकही भेट पाठवले होते. स्कॉटलंडमध्ये चांभार, विणकर, सुतार यांच्या बरोबरीने वाढलेला खेळ इथे आला तेव्हा त्याच्याभोवती क्लबची भिंत आणि वर्णाची रेषा होती. गायरान तिकडेच राहिले.

आणि गंमत म्हणजे मुंबईतही गायरान होतेच. किल्ल्याबाहेरचे एस्प्लनेड हे विस्तीर्ण मैदान तोफांचा मारा मोकळा राहावा म्हणून राखलेले, पण त्यावर शहराची गुरे चरत. सरकारने चराईवर कर बसवला तेव्हा सर जमशेटजी जीजीभॉय यांनी १८३८ मध्ये ठाकूरद्वारजवळ स्वतःच्या पैशाने जमीन घेऊन गुरांना फुकट चराई खुली केली. चर्नी रोड या नावातली ‘चरणी’ ती हीच, असे सांगतात. लोकलमधून रोज जाणाऱ्या किती जणांना आपण एका हिरावलेल्या गायरानाच्या स्मारकावर उतरतो आहोत हे ठाऊक असेल?

त्याच एस्प्लनेडवर पुढे खेळाचा झगडा झाला. पारशी आणि हिंदू पोरे तिथे क्रिकेट खेळत. युरोपीय जिमखान्याला स्वतःची राखीव खेळपट्टी होतीच, शिवाय त्यांचे पोलो एस्प्लनेडच्या उरलेल्या, सर्वांच्या भागावर चाले. घोड्यांच्या टापांनी खेळपट्टीची चाळण होई आणि उसळलेला चेंडू खेळणाऱ्याच्या नाकातोंडावर येई. १८८१ मध्ये देशी क्रिकेटपटूंनी सरकारकडे अर्ज केला. निकाल कधी बाजूने, कधी विरुद्ध असा हेलकावत राहिला. या साऱ्याची हकीकत शापूरजी सोराबजी यांनी १८९७ मध्ये पुस्तकरूपाने लिहून ठेवली; युरोपीय पोलो विरुद्ध देशी क्रिकेट हा झगडा त्या पुस्तकाच्या नावातच आहे. भारतीय क्रिकेटच्या इतिहासाचा पहिला मोठा कागद हा सामन्याच्या धावफलकाचा नसून जमिनीच्या वादाचा आहे, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. अखेरीस पारशी, इस्लाम आणि हिंदू जिमखान्यांना जागा मिळाली ती केनेडी सी-फेसला, समुद्राच्या कडेने. एस्प्लनेडवर सर्वांनी मिळून खेळण्याचा प्रश्न मात्र असा ज्याची त्याची जागा आखून देऊन मिटवला गेला.

मुंबईच्या समुद्रालगतच्या गोल्फला तर समुद्राचीच जागा मिळाली. अठराव्या शतकात, गव्हर्नर विल्यम हॉर्नबी याच्या नावाने ओळखला जाणारा बांध १७८४ च्या सुमारास पुरा झाला आणि महालक्ष्मी-वरळीमधून आत शिरणारे भरतीचे पाणी अडले. बांध पुन्हा पुन्हा खचत असता रामजी शिवजी प्रभू यांना देवीने स्वप्नात दृष्टान्त दिला ही आख्यायिका तुम्ही ऐकली असेलच. पाणी हटलेल्या त्या सखल भागात १८८३ मध्ये रेसकोर्स आले आणि लॉर्ड विलिंग्डन गव्हर्नर असताना, पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात, विलिंग्डन क्लब आणि त्याचे गोल्फ मैदान. या क्लबची कीर्ती अशी की युरोपीय आणि भारतीय दोघांनाही तिथे सभासदत्व होते. वर्णाची रेषा पुसली गेली खरी. शुल्काची राहिली. १९२७ मध्ये चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आला. त्याच्या आसपासच्या वस्त्यांतली मुले कॅडी म्हणून आत जाऊ लागली आणि खेळ डोळ्यांत साठवून बाहेर येऊ लागली. चेंबूरच्या गल्ल्यांत लोखंडी सळई वाकवून केलेल्या काठीने, प्लॅस्टिकच्या चेंडूने, गटाराच्या कडेने गोल्फ खेळला जातो. वृत्तपत्रे त्याकडे कौतुकाची चमत्कारिक बातमी म्हणून पाहतात. १४५७ चा हुकूम वाचून झाल्यावर मला तो प्रकार चमत्कारिक मुळीच वाटत नाही. चेंबूरची पोरे मूळ परंपरेच्या अधिक जवळ आहेत.

आता रिसॉर्टकडे वळू. समुद्रकाठचे देखणे गोल्फ मैदान हे जे चित्र आपल्या डोळ्यांसमोर येते, ते स्कॉटलंडचे कमी आणि कॅलिफोर्नियाचे अधिक आहे. १९१९ मध्ये तिथे पेबल बीचचे मैदान खुले झाले. ते घडवणाऱ्या सॅम्युअल मोर्सचा व्यवसाय हॉटेल आणि जमीन विकण्याचा होता. समुद्रकड्यावरची सर्वांत मोक्याची जमीन बंगल्यांना न विकता मैदानासाठी राखली, की मागच्या सगळ्या भूखंडांना समुद्राचा देखावा मिळतो आणि त्यांचा भाव वाढतो, हे गणित त्याने ओळखले. चतुराई निर्विवाद आहे. मैदान अप्रतिम आहे असेही सगळे सांगतात. पण इथे खेळ आणि जमीन यांचे नाते उलटले. सेंट अँड्र्यूजमध्ये गावाची जमीन होती म्हणून तिच्यावर खेळ रुजला. इथे जमीन विकायची होती म्हणून खेळ आणला गेला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हेच गणित थायलंड, मलेशिया, फिलिपिन्सच्या किनाऱ्यांवर गेले. १९९३ मध्ये आशियातील संघटनांनी एकत्र येऊन गोल्फविरोधी जागतिक चळवळ उभी केली. मेक्सिकोत तेपोत्स्त्लान या गावाने १९९५ मध्ये असा प्रकल्प हुसकून लावला.

यात आणखी एक अडचण आहे, ती मराठवाड्याच्या माणसाला सांगावी लागत नाही. लिंक्सवरचे गवत पावसावर जगते. तिथे बारमाही गार, ओलसर हवा असते. कोकणात पाऊस चार महिने धो धो आणि मग आठ महिने ऊन. त्या आठ महिन्यांत, म्हणजे नेमक्या पर्यटनाच्या हंगामात, हिरवळ हिरवी ठेवायची तर पाणी घालावे लागते. उष्ण प्रदेशात अठरा होलांच्या मैदानाला कोरड्या दिवसांत रोज दहा लाख लिटर किंवा त्याहूनही अधिक पाणी लागू शकते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली होती, ती ‘जलदूत’. पहिल्या फेरीत १० टाक्या, ५ लाख लिटर. माझी मावशी तेव्हा लातूरला राहत असे. रात्री टँकरच्या आवाजाला जागे होण्याची तिची सवय अजून गेलेली नाही. त्या गोव्याच्या पहाटे पायाखालची ओली हिरवळ तुडवताना मला उगाचच ते गणित आठवत राहिले : एका दिवसाला दोन जलदूत. त्या रिसॉर्टचे मैदान लहान होते, तिथले पाणी कुठून येते हे मी विचारले नाही, त्यामुळे आरोप म्हणून हे कुणी वाचू नये. आठवण माझी आहे.

तिसरा होल संपवताना कॅडीकाकांनी सांगितले, त्यांचे गाव रेडीच्या बाजूला, सिंधुदुर्गात. मग म्हणाले, “आमच्या शेजारी तेरेखोलातही असला मैदान होवचा होता.”

आणि इथे आपण किल्ल्यावर पोहोचतो.

तेरेखोल नदी जिथे समुद्राला मिळते तिथे उत्तर काठावर हे छोटे गाव आहे. गाव गोव्याचे, पेडणे तालुक्यातले. पण गोवा नदीच्या दक्षिणेला. केरीहून फेरीबोटीने यावे लागते. जमिनीने फक्त महाराष्ट्र जोडलेला. मुखाशी टेकडीवर किल्ला आहे, तो सतराव्या शतकात सावंतवाडीकर खेम सावंतांनी बांधला. १७४६ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय पेद्रु मिगेल दि आल्मैद याने तो घेतला आणि नदीपलीकडचा हा तुकडा गोव्यात गेला तो कायमचा. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड अफोन्सो यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींची तुकडी या किल्ल्यात शिरली आणि तिने तिरंगा फडकवला. दुसऱ्या दिवशी पोर्तुगिजांनी त्यांना पकडले. गोवामुक्तीच्या सात वर्षे आधी एका दिवसापुरता मुक्त झालेला हा किल्ला. पुढे तिथे हॉटेल झाले.

किल्ल्यामागे पठार आहे. कोकणी माणूस त्याला सडा म्हणतो. वरून पाहिले तर करपलेला कातळ आणि काजूची झाडे. नकाशात तो पडीक दिसतो, जशी स्कॉटलंडची लिंक्स पडीक दिसे आणि जसे आमचे गायरान सातबाऱ्यावर पडीक दिसते. पण गावातली कुटुंबे पिढ्यान् पिढ्या तिथे काजू आणि पावसाळी पिके घेत आली. या पठारावर अठरा होलांचे मैदान, बंगले आणि रिसॉर्ट यांचा प्रकल्प आला. २०१५ च्या सुमारास यंत्रे चढली, काजूची झाडे पडली, गावकरी आडवे झाले.

वादाचा गाभा मूळ मालकी हा नव्हता, कूळ हा होता. गोवा, दमण आणि दीवचा कूळ कायदा १९६४ चा. १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कुळांना कसत्या जमिनीचे मालक मानले. पुढे १९९१ चा जमीन-वापर नियमन कायदा आला. त्याने कूळ कायद्याखाली कुळाकडे आलेली जमीन शेतीखेरीज अन्य कामाला वापरण्यास बंदी केली. म्हणजे तेरेखोलच्या पठारावर कुळे होती की नव्हती, या एका प्रश्नावर मैदान होणार की नाही हे अवलंबून राहिले. गावकऱ्यांचे म्हणणे, आम्ही कुळे आहोत. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, जमीन रीतसर विकत घेतली आहे आणि मैदानाने रोजगार येईल. प्रकरण हरित न्यायाधिकरणात आणि न्यायालयात गेले, काम थांबले.

रोजगाराच्या मुद्द्याला मी हसून उडवणार नाही. कॅडीकाका ज्या पगारावर घर चालवतात तो गोल्फचाच आहे, माझ्या मामेभावाचाही रिसॉर्टचाच. काकांना मी थेट विचारले, तेरेखोलला मैदान झाले असते तर तुम्ही गावाजवळ कामाला आला नसता का? ते बराच वेळ काठ्या पुसत राहिले. मग म्हणाले, “इलो असतंय. पण काजी खंय गेल्यो असत्यो?”

दोन दिवसांनी अभिलेखागाराला सुट्टी होती, मी केरीला गेलो. फेरीबोटीत दुचाक्या, मासळीच्या टोपल्या आणि गणवेशातली दोन मुले. किल्ल्याच्या बुरुजावर हॉटेलच्या खुर्च्या मांडलेल्या, आत संत अँथनीचे चर्च. मागच्या चढावर काजूची झाडे उभी होती, काही जुनी, काही अगदी कोवळी. एक आजी खाली पडलेली सुकी पाने गोळा करत होत्या. मी मराठीत विचारले, ही जमीन कुणाची? त्यांनी मला वरून खालपर्यंत पाहिले, तलाठी नाही याची खात्री करून घेतली आणि म्हणाल्या, “आमचीच.”

माहूरला परतल्यावर मी वडिलांना आमच्या गावच्या गायरानाबद्दल विचारले. दादासाहेब गायकवाडांच्या १९५९ च्या भूमिहीन सत्याग्रहात मराठवाड्यातले लोक याच जमिनींसाठी तुरुंगात गेले होते; १४ एप्रिल १९९० पर्यंत गायराने कसू लागलेल्या भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय सरकारने १९९१ मध्ये घेतला, तरी कित्येकांच्या नावाचा सातबारा आजही झालेला नाही. वडील म्हणाले, आपल्या गायरानाच्या एका कोपऱ्यावर सौरऊर्जेसाठी मोजणी झाली आहे, उरलेल्यावर पोरे क्रिकेट खेळतात, आणि शेळ्या दोन्हीकडे चरतात.

तुमच्या गावच्या गायरानाची जुनी मोजणी, चराईचे करार किंवा तिथे खेळल्या जाणाऱ्या खेळांच्या आठवणी असतील तर प्रतिसादांत लिहा. कागदाचा फोटो टाकलात तर नावे झाकून टाका. पुढचा थ्रेड उदाजीराम आणि रायबागन यांच्यावर, ठरल्याप्रमाणे.